जावक क्रमांकावर फोन लावतो कोण?

निविदेच्या फाइलीत सगळ्यात स्वस्त कागद कोणता? हमीपत्र.

पाचशेचा मुद्रांक, खाली सही, शेजारी नोटरीचा गोल शिक्का. ‘माझी फर्म कोणत्याही शासकीय विभागाच्या काळ्या यादीत नाही.’ झालं! आपण चोर नाही, हे चोराने स्वतःच लिहून द्यायचं आणि फौजदाराने ते दोरा लावून फाइलीत बांधायचं.

आता दिल्लीचा कारभार बघा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी ग्रामीण संस्थांना २ लाख ३६ हजार ८०५ कोटी आणि शहरी संस्थांना १ लाख २१ हजार ५५ कोटी रुपयांची शिफारस केली. सोबत अटींचं शेपूट. हिशेब लोकांसमोर ठेवा. मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करा. आणि मुख्य म्हणजे निवडून आलेली मंडळी खुर्चीत असू द्या, नाहीतर पैसे विसरा.

ही शेवटची अट महाराष्ट्राला चांगलीच लागली. यवतमाळ जिल्ह्यातल्या आपल्या पुसदसह राज्यभरच्या नगरपरिषदांत काही वर्षं प्रशासक बसले, निवडणुका झाल्या डिसेंबर २०२५ मध्ये. तोवर ‘केंद्राचा निधी अडला हो’ म्हणून सगळीकडे गळे काढून झाले.

म्हणजे पैसे मागणाऱ्याची पात्रता दिल्ली डोळ्यांत तेल घालून तपासते. आणि पैसे उचलणाऱ्याची?

ती आपण तपासायची असते. आपण म्हणजे कोण, हे अजून ठरायचंय.

ग्रामपंचायतीपासून सुरुवात करू. छोटी खरेदी, तीन दरपत्रकं. पहिलं सगळ्यात कमी, दुसरं थोडं जास्त, तिसरं आणखी थोडं जास्त. तीन लेटरहेड, तीन शिक्के आणि अक्षर एकाच हाताचं. कधी कधी तर चुकाही एकाच ठिकाणी. याला म्हणे स्पर्धा!

आणि माल काय? त्याच एका दुकानातून पथदिवे, शाळेची बाकडी, पाण्याच्या टाकीची झाकणं आणि जंतुनाशक पावडर. मूळ दुकान हार्डवेअरचं.

‘पण आता सगळं ऑनलाइन आहे ना! ई-ग्रामस्वराज पोर्टलवर वेंडरची नोंद होते, पीएफएमएस या केंद्राच्या प्रणालीतून थेट खात्यात पैसे जातात.’ जातात की. पीएफएमएस खातं तपासतं. खातं खरं आहे, चालू आहे, नाव जुळतंय. ते खातं ज्याचं आहे त्याने आयुष्यात कधी पाइपलाइन टाकली आहे का, हा प्रश्न त्या यंत्राला पडत नाही.

सरपंच आणि ग्रामसेवकाला पडावा, अशी अपेक्षा. त्यांची डिजिटल सही मात्र एका पेन ड्राइव्हमध्ये असते, आणि तो पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरवाल्या पोराच्या खिशात.

तपासायला साधनं नाहीत, असं कोणी म्हणत असेल तर त्याला जीएसटी क्रमांक दाखवा. पंधरा अक्षरं असतात. पहिले दोन आकडे राज्याचे, त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. तीन दरपत्रकं शेजारी शेजारी ठेवा आणि मधली दहा अक्षरं वाचा. दोन ‘वेगळ्या’ फर्मचा मालक एकच असेल तर तिथल्या तिथे दिसतं. नोंदणी चालू आहे की रद्द झाली, तेही पोर्टलवर फुकट कळतं.

उलाढालीच्या दाखल्याचंही तेच. सीएने दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्रावर फेब्रुवारी २०१९ पासून अठरा अंकी यूडीआयएन लागतो. तो सीएंच्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाकला की दाखला खरा की बनावट, एका मिनिटात कळतं. चहा यायला त्याहून जास्त वेळ लागतो.

राहता राहिलं अनुभवाचं प्रमाणपत्र. ‘सदर कंत्राटदाराने काम समाधानकारकरीत्या पूर्ण केले आहे.’ त्याच्या कोपऱ्यात एक जावक क्रमांक असतो आणि खाली तारीख. तो क्रमांक शोभेचा नाही. समोरच्या कार्यालयात फोन करायचा, ‘या तारखेला या क्रमांकाने असं पत्र गेलंय का हो?’ असं विचारायचं. जावक नोंदवहीत बोट फिरवून ते हो किंवा नाही सांगतील.

हा फोन कोणी लावत नाही.

एका कार्यालयातल्या लिपिकाला विचारलं, काहून भाऊ? तो हसला. म्हणाला, ‘फोन लावला अन् तिकून म्हनले का हे आमचं नाई, तर मंग? मले लिहा लागन. लिहिलं का साहेब इचारन, तुले कोनं सांगतलं होतं फोन लावाले?’

आळस नाही हो हा, शहाणपण आहे! माहीत झालं की जबाबदारी आली. माहीत नाही तोवर ‘सादर केलेल्या कागदपत्रांच्या आधारे पात्र’ हा शेरा मारायला सगळे मोकळे. फसवणूक झालीच तर कंत्राटदाराने केली. कार्यालय बिचारं फसलं.

राजस्थानातलं प्रकरण आठवा. जलजीवन मिशनच्या कंत्राटांसाठी दोन ट्यूबवेल कंपन्यांनी इरकॉन या केंद्र सरकारच्या कंपनीची बनावट अनुभव प्रमाणपत्रं जोडली, असा आरोप आहे. कामं शेकडो कोटींची. पुढे ईडी आली, छापे पडले, २०२५ मध्ये माजी मंत्र्यांना अटक झाली. न्यायालय काय ते ठरवील. पण इरकॉनच्या कार्यालयात टेलिफोन नसतो का?

पुसदने राज्याला दोन मुख्यमंत्री दिले, वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक. आता फोन लावणारा एक लिपिक दिला तरी पुरे.

पण थांबा. पात्रता तपासलीच जात नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. तपासली जाते, अगदी कसून तपासली जाते. फक्त नकोशा माणसाची.

बाहेरगावचा कुणी, ज्याला कंत्राटदारांच्या ‘बैठकीचं’ आमंत्रण नव्हतं, असा चुकून निविदा भरतो. मग पहिला, म्हणजे पात्रतेच्या कागदांचा लिफाफा भिंगाखाली जातो. सतराव्या पानावर सही आहे, शिक्का नाही. बाद! ऐपतीचा दाखला आहे, पण मुदत चार दिवसांपूर्वी संपली. बाद! डांबराचा प्लांट आहे, पण अटीतल्या अंतरापेक्षा तीन किलोमीटर लांब. बाद! तिथे जावक क्रमांकावर फोनही लागतो, आणि समोरचा पहिल्या रिंगला उचलतोही.

अट लिहितानाच माप घेतलेलं असेल तर तपासायचं उरतं काय?

आणि अट चांगली असली तरी? जलजीवनचंच घ्या, महाराष्ट्रात त्यातला अर्धा पैसा केंद्राचा. निविदेत ‘हातातील कामांची यादी’ द्यावी लागते. आधीच डझनभर गावं खणून ठेवलेल्या माणसाला तेरावं गाव मिळू नये, हा हेतू. हेतू उत्तम. यादी लिहितो कोण? तोच. मग ती आखूडच असते. खणलेल्या बाकीच्या गावांना तो विसरतो, आणि तिथल्या नळांना पाणी.

काळी यादी हा आणखी एक विनोद. केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमावलीतला नियम १५१ सांगतो, सचोटीचा भंग केला तर दोन वर्षांपर्यंत बंदी, लाचलुचपतीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर तीन वर्षांपर्यंत. पण पुढे २०२१ च्या मार्गदर्शक सूचना वाचा. एका मंत्रालयाने घातलेली बंदी त्या मंत्रालयापुरती. सगळ्यांना लागू करायची तर अर्थ मंत्रालयाच्या खर्च विभागाचा वेगळा आदेश हवा. एका दाराने हाकललेला माणूस शेजारच्या दाराने आत येतो आणि तिथे त्याला पाणीही विचारतात.

हे दिल्लीचं झालं. गल्लीत तर याहून सोपं. भाऊ काळ्या यादीत, वहिनी पहिल्या लिफाफ्यात. जेसीबी तोच, मुनीम तोच, मोबाइल नंबरही तोच.

मुंबईतलं उदाहरण विसरला असाल. २०१६ साली महापालिकेने रस्ते घोटाळ्यात सहा कंत्राटदारांवर गुन्हे दाखल केले आणि काळ्या यादीची भाषा सुरू केली. त्याच वर्षी त्यांतल्या दोघांना पुलांची कामं देण्यावरून प्रकरण हायकोर्टात गेलं. उजव्या हाताने नोटीस, डाव्या हाताने कार्यारंभ आदेश!

सगळ्यात मासलेवाईक गोष्ट अंगणवाडीची. पोषण आहाराच्या या योजनेला केंद्राचा पैसा. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २००४ मध्ये बजावलं की आहार पुरवायला कंत्राटदार नकोत, बचत गट आणि महिला मंडळं घ्या. म्हणजे पात्रतेची अट एकच: बायांचा गट हवा.

आठ वर्षांनी कोर्टाने नेमलेल्या आयुक्तांनी महाराष्ट्रात डोकावून पाहिलं. महिला मंडळांच्या पाट्या होत्या. पाटीमागे खासगी कंपन्या. नोंदणी बरोबर, ठराव बरोबर, सह्या बरोबर. पोळपाट-लाटणं कुठे होतं, एवढंच कोणी विचारलं नव्हतं.

मग शहाणे झालो का? छे! पुढच्या निविदांत अटीच अशा की गावातल्या खऱ्याखुऱ्या गटाने उंबऱ्यावरूनच परत फिरावं. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सुमारे ६,३०० कोटींची ती कंत्राटं रद्द केली. आधी नकली बाया पात्र, मग असली बाया अपात्र.

‘अमेरिकेत असं चालत नाही’ म्हणणारा एक भाचा प्रत्येक घरात असतो. बरोबर आहे त्याचं. तिथे केंद्राचं अनुदान खर्च करणाऱ्या नगरपालिकेला ठरावीक रकमेच्या वरचं कंत्राट देण्याआधी सॅम डॉट गव्ह या संकेतस्थळावर बंदी घातलेल्यांत ते नाव आहे का, हे बघावं लागतं. एक देश, एक यादी. हेवा वाटावा असंच.

पण २०१७ चं पोर्तो रिको भाच्याला सांगा. चक्रीवादळात बेटाची वीज गेली. तिथल्या सरकारी वीज कंपनीने तारा-खांब उभारायचं तीस कोटी डॉलरचं काम माँटानातल्या व्हाइटफिश नावाच्या कंपनीला दिलं. वादळ आलं त्या वेळी त्या कंपनीत कायम नोकर होते दोन. बोंबाबोंब झाली, कंत्राट रद्द झालं. बदमाशांची यादी करता येते, पण ज्याला काम येतच नाही त्याची कुठून आणणार?

तेव्हा यादी बघा, आणि एकदा मोटारसायकलला किक मारून कंत्राटदाराचा प्लांटही बघून या. पुसदहून दिग्रस काही साता समुद्रापार नाही.

नवे नगरसेवक आलेत, त्यांच्यासाठी एक आठवण. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाचं कलम १६ सांगतं की पालिकेच्या कंत्राटात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर सदस्य अपात्र. ग्रामपंचायतीला तिच्या अधिनियमाचं कलम १४ आहे, अर्थ तोच. ‘अप्रत्यक्ष’ हा शब्द कायद्यातच आहे. साळ्याच्या नावावरचा टँकर कोणत्या बाजूला मोडतो, ते वकिलाला विचारून ठेवा. आधी विचारलेलं स्वस्त पडतं.

एप्रिल २०२६ पासून सोळाव्या वित्त आयोगाचा काळ. नवा पैसा, नव्या अटी, नवं पोर्टल. हमीपत्राचा मसुदा मात्र मागच्याच फाइलीतून कॉपी होईल, तारीख बदलायची राहून जाईल आणि ते चालूनही जाईल.

आणि हो, पुसद जिल्हा व्हावा ही आपली मागणी जुनी आहे. व्हावाच! नवी जिल्हा परिषद येईल, नवा बांधकाम विभाग येईल, त्याची स्वतंत्र काळी यादी येईल. यवतमाळमध्ये बाद झालेल्यांना मग कामासाठी फार लांब जावं लागणार नाही.