नऊ माणसं आणि एक पाणंद

चिखलातून, ओढ्यातून, दगडधोंड्यांतून जाणाऱ्या गाड्या जे बनवतात त्यांना एकतर नातेवाईक नसावेत, किंवा असलेल्यांशी त्यांचं बोलणं नसावं. नाहीतर २०२३ साली आलेल्या जिम्नीला पाच दारं देऊन चारच माणसांची सोय कोण करेल? पाचवं दार मागचं, सामानाचं, हे मला ठाऊक आहे. आमच्या आईला नव्हतं. ती म्हणाली, "माणसांपेक्षा दारं जास्त? घर आहे का धर्मशाळा?"

आमची वाडी पाटण तालुक्यात. उंब्रजला हायवे सोडला की मल्हारपेठ करत पाटणपर्यंत डांबर. तिथून पुढं डांबराचा भरवसा कमी कमी होत जातो, आणि फरशी पूल ओलांडला की नुसती पाणंद. ट्रॅक्टरनं पाडलेल्या दोन चाकोऱ्या आणि मधे गवत माजलेला उंचवटा. उन्हाळ्यात तिथून लग्नाची बससुद्धा जाते. पण आम्हाला जायचं असतं गौरी-गणपतीला, म्हणजे पावसानं पाणंदीचा पार रबडा केल्यावर. साधी गाडी घातली की त्या उंचवट्यावर चेंबर टेकतो, चाकं जागच्या जागी गरगरतात आणि आजूबाजूच्या शेतांतून मदतीला कमी, सल्ला द्यायला जास्त माणसं गोळा होतात.

आणि जायचं म्हणजे सगळ्यांनी. आई, तात्या, काकू, दादा, वहिनी, त्यांची दोन पोरं, मी आणि बायको. नऊ. कुणी मागं राहिलं तर गौरीपुढं कारण सांगावं लागतं, आणि गौरीपेक्षा भावकीपुढं जास्त. बजेट बारा लाख, पैकी निम्मे दादाच्या फंडातून आणि निम्मे माझ्या भविष्यातून, हप्त्याहप्त्यानं.

गाडी बघायला तात्या आलेच. तात्या एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. त्यामुळं चाकांवरची कुठलीही वस्तू दिसली की ते आधी विचारतात, "बसून किती, उभे किती?" थारपाशी त्यांनी हाच प्रश्न केला. शोरूममधला मुलगा टाय सावरत म्हणाला, २०२० सालच्या थारमध्ये चार जण, आणि १५ ऑगस्ट २०२४ ला आलेल्या थार रॉक्समध्ये पाच. तात्यांनी मनातल्या मनात वेबिल जुळवलं. "चार वर्षांत एक सीट वाढली. म्हणजे आपण नऊ जण बसेपर्यंत २०४० उजाडेल. तोवर एसटीनं जाऊ."

माझं मन गुरख्यावर बसलं होतं. पाच दारांची फोर्सची गुरखा, पुण्याच्या कंपनीची, म्हणजे जवळजवळ घरचीच. जमिनीपासून पोट २३३ मिलिमीटर वर. पाण्यातून जायची तयारी ७०० मिलिमीटरपर्यंत. शिवाय पुढं-मागं डिफरन्शियल लॉक. हा लॉक कशाला, ते मी घरच्यांना समजावलं. एकाच दांड्यावरची दोन चाकं असतात. त्यातलं एक चिखलात मोकळं फिरायला लागलं की इंजिनाची सगळी ताकद त्याच्याकडंच जाते, आणि जे चाक बिचारं घट्ट जमिनीवर उभं असतं ते नुसतं बघत राहतं. म्हणजे ज्याला काही काम नाही त्याच्यावर सगळा खर्च. एवढं ऐकून वहिनीनं दादाकडं आणि दादानं माझ्याकडं पाहिलं. एकत्र कुटुंबात राहणाऱ्यांना डिफरन्शियल फार समजावून सांगावं लागत नाही. लॉक लावला की दोन्ही चाकांना एकाच गतीनं फिरावं लागतं, हे ऐकल्यावर काकूंनी हळूच विचारलं, तो नुसता लॉक वेगळा विकत मिळतो का.

पाण्याचं कौतुक मात्र काकूंनी एका वाक्यात आटोपलं. "सातशे म्हणजे मांडीपर्यंत. फरशीवर एवढं पाणी असलं की आपण अलीकडच्या देवळात बसतो. पाणी उतरतं." हा पर्याय कंपनीच्या पुस्तिकेत नव्हता. शिवाय गुरख्यात जागा सात, आणि किंमत बाजारात येतानाच अठरा लाखांच्या घरात. दोन माणसं बाहेर ठेवायची आणि वर सहा लाख जास्त द्यायचे, यात कुणाचंच एकमत होईना. कोणती दोन माणसं, यावर तर मुळीच नाही.

मग आली बोलेरो. बोलेरो म्हणजे गावाकडच्या रस्त्याची खात्रीची गाडी. सरपंच, पोलीस, कंत्राटदार, नवरदेव, सगळ्यांना चालते. हिच्या बांधणीत मला यांत्रिकीपेक्षा करसल्लागाराचा हात जास्त दिसतो. सरकारचा नियम असा, की लांबी चार हजार मिलिमीटरच्या आत आणि डिझेल इंजिन पंधराशे सीसीच्या आत असेल तर ती छोटी गाडी. सप्टेंबर २०२५ पासून छोटीला जीएसटी १८ टक्के, मोठीला ४०. बोलेरोची लांबी ३९९५ मिलिमीटर. इंजिन १४९३ सीसी. कुंपणाला पाठ न लावता, पण कुंपणाची सावली अंगावर घेऊन उभी राहिलेली अशी गाडी दुसरी नसेल. पण जागा इथंही सातच. नऊ जणांना बसवणारी हिची थोरली बहीण, बोलेरो निओ प्लस, ४४०० मिलिमीटरची, म्हणजे थेट ४० टक्क्यांत. दादानं कागदावर वजाबाकी केली आणि सांगितलं, उरलेली दोन माणसं आत घ्यायचा सरकारी दर २२ टक्के आहे. यावर तात्या उठून बाहेर गेले. आपण त्या दोघांत धरलेले आहोत असा त्यांचा समज झाला असावा.

आणि या निओ प्लसला फोर-बाय-फोर नाही. ताकद फक्त मागच्या चाकांना. माझा सगळा अभ्यास इथं येऊन रुतला.

तो बाहेर काढला पाटण स्टँडाबाहेरच्या एका वडापवाल्यानं. तात्या आयुष्यात कधी वडापात बसलेले नाहीत. वडापनं एसटीचे पॅसेंजर पळवले, हा त्यांचा सल जुना आहे. पण वडापाची ट्रॅक्स भर पावसात पाणंद चढताना मी स्वतः पाहिलेली. आत किती माणसं ते सांगत नाही, आरटीओचं कुणी वाचत असेल. एवढंच सांगतो, की ड्रायव्हरच्या उजव्या हाताला, म्हणजे तो आणि दार यांच्यामध्ये, एक गृहस्थ मांडीवर कोंबडी घेऊन बसले होते आणि ड्रायव्हर मधोमध तिरका बसून गिअर पाडत होता. तरीही तो खिडकीतून "एकच शीट, एकच शीट" असं ओरडतच होता.

मी त्याला विचारलं, फोर-बाय-फोर आहे का ही? त्यानं तंबाखूची गोळी गालात सरकवली. "कशाला? मागच्या चाकावर वजन पाडायचं. चिखलात मोकळी गाडी नाचती, भरल्याली चढती. टायरातली जराशी हवा सोडायची, दुसऱ्यावर उचलायची, मधी क्लच दाबायचा न्हाई आन् माथ्यावर जाईस्तोर थांबायचं न्हाई."

मग त्यानं आमच्यातल्या प्रत्येकाकडं एकदा पाहिलं. बाजारात बैल पारखतात तसं. नजर तात्यांवर थांबली. "हे कुठं बसत्यात?"

"पुढं," मी म्हणालो. वडीलधारे पुढंच बसतात.

"मागं घ्या की. एवढं वजन फुडं ठिवून चढ चढतंय व्हय कोण?"

एका वडापवाल्यानं एसटीच्या माणसाला जागा दाखवावी, आणि तीही बरोबर असावी! तात्या घरी येईपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत.

आम्ही निओ प्लसच घेतली, कराडहून, वर्षभर वापरलेली. तो भारी कर पहिल्या मालकानं आमच्या वतीनं भरून ठेवला होता. तिच्या मागच्या भागात समोरासमोर दोन बाकं आहेत, बरोबर मागच्या चाकांवर. तात्यांना तिथं बसा असं सांगायचं कुणी, यावर घरात दोन बैठका झाल्या. शेवटी दादाच्या धाकटीनं प्रश्न सोडवला. तिनं सायकलची घंटी मागच्या खिडकीच्या दांडीला बांधली, तिथून एक सुतळी बाकापर्यंत आणली आणि म्हणाली, "तात्याआजोबा, कंडक्टरची जागा."

तात्या पाच मिनिटं सुतळीकडं बघत राहिले. मग जाऊन बसले. गणपतीत पाणंद आम्ही एका दमात चढलो. दुसरा गिअर, मधे क्लच नाही, मागं तात्या, काकू आणि दोन्ही पोरं, येताना तर तांदळाचं पोतंसुद्धा. वडापवाल्याचा शब्द खरा निघाला, फक्त ते त्याला कळवायला तात्यांनी मनाई केली आहे.

आता एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. दादानं हे मनावर घेतलं आहे, कारण वडीलधाऱ्यांना दुखवायचं नाही. परवा कराडात सिग्नल हिरवा झाला, मागं हॉर्नचा गदारोळ, एक रिक्षावाला तर उतरून काचेशी आला, पण दादा गाडी हलवेना. काकू वडापाव घ्यायला खाली उतरल्या होत्या आणि तात्यांनी डबल बेल दिली नव्हती.