मखराच्या खोक्यातला ऐवज

अहो, ऐकलंत का, बारा नंबरच्या अण्णांचं? जरा इकडे सरका, त्यांच्या किचनची खिडकी उघडी आहे.

गणपतीच्या आधी वहिनींनी माळा आवरायला काढला. मखराचं खोकं उघडलं, तर आत काय? प्रेशरच्या गोळ्यांच्या पट्ट्या! अख्ख्या, एकही गोळी न फोडलेली. वहिनी स्टुलावर, अण्णा खाली स्टूल धरून. असा चेहरा पडला त्यांचा की... मी आपली पितांबरी मागायला गेले होते म्हणून, नाहीतर मला कुठून कळणार! वहिनी एवढंच म्हणाल्या, "मग रोज सकाळी ग्लासभर पाणी कशावर पीत होतात?"

तर अण्णा म्हणतात, "अगं, रीडिंग नॉर्मल आलं होतं ना!" आता नॉर्मल आलं ते गोळीनंच ना? पण आपल्या निम्म्या लेनचं हेच आहे. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, बागेत रोज राऊंड मारतो, मग गोळी कशाला. प्रेशर काय बेल वाजवून येतं? एकदम हार्ट, नाहीतर पॅरालिसिस... जाऊ दे, सणासुदीचं नको.

तर काय सांगत होते, त्यांची सून साताऱ्याची. तिची आई तिकडे पीएचसीतूनच गोळ्या नेते. ते प्रेशरच्या पेशंटांचं काम नाही का, 2017च्या नोव्हेंबरात सरकारनं आयसीएमआर, डब्ल्यूएचओ वगैरेंना घेऊन सुरू केलं. आपल्याकडे आधी सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा. 2022 मध्ये यूएनचं बक्षीससुद्धा मिळालं की. आणि भानगड काही नाही हो त्यात! साधी अ‍ॅम्लोडिपिन, महिन्याच्या गोळ्या एकदम हातात, आणि तारखेला पेशंट फिरकला नाही की चौकशी. सून सांगत होती, "आईनं एकदा तारीख चुकवली, तर सिस्टरचा फोन आणि वर आशाताई दारात!" वहिनी फणकारल्या, "इथे मीच आशाताई."

पण अण्णांचंही अगदीच चूक नाही बरं का. त्या गोळीनं त्यांचे पाय सुजायचे. चपलेचा पट्टा बसेना. डॉक्टरांना सांगायचा संकोच, वहिनींना सांगावं तर त्या लगेच डॉक्टरांकडे नेणार, म्हणून आपलं खोकं बरं! शेवटी सुनेनं धरून नेलं. डॉक्टर म्हणाले, "होतं असं काहींना, आधी बोलायचं नाही का?" आणि दिली दुसरी लिहून. एवढ्यासाठी ही लपवाछपवी! वर गुडघ्यासाठी मनानंच पेनकिलर खात होते तेही बाहेर आलं. त्यानंही प्रेशर चढतं म्हणे. ती बंद झाली तेव्हा चेहरा दुसऱ्यांदा पडला.

आता सुनेनं सात कप्प्यांची डबी आणलीय, चहा-साखरेच्या डब्यांशेजारी ठेवलीय. काल राहिली म्हणून आज दोन घ्यायच्या नाहीत, अशी ताकीद. पण खरी गंमत पुढेच. मशीन आणलं तर सून म्हणाली, तुमचंही बघू आई. आधी पाच मिनिटं शांत बसायचं, हात टेबलावर, मोजताना बोलायचं नाही. वहिनी आणि पाच मिनिटं गप्प! आकडा आला 164 वर 98. वहिनी म्हणे, "मशीनच बिघडलंय." सून म्हणाली, एका आकड्यावर नको जाऊया. वेगवेगळ्या दिवशी पुन्हा मोजलं, डॉक्टरांकडे गेले, आणि लागली की वहिनींनाही गोळी.

आता रोज सकाळी साडेसातला अण्णांचाच आवाज येतो, "घेतलीस का गं?" वहिनी आतून ओरडतात, "घेतली!" आता ती खरंच घेतात की... मी काही बोलले नाही हं.