कलमकाका

कंपनीचा कारभार कसा असावा हे ज्याला पक्कं ठाऊक असतं, त्याच्या हाती कंपनी सहसा कोणी देत नाही. त्यामुळे त्याच्यापाशी वेळ मुबलक असतो आणि तो लेख लिहितो. फोर्टपासून बीकेसीपर्यंत अशी मंडळी पसरलेली आहेत. माझगावात आमच्या वाट्याला एकच आला आहे, पण तो सगळ्या सोसायटीला पुरून उरतो.

सोसायटीत त्यांना कलमकाका म्हणतात. एका खासगी कंपनीत ते कंपनी सेक्रेटरी होते. निवृत्त झाले त्याच आठवड्यात तज्ज्ञ झाले. त्यासाठी फक्त व्हिजिटिंग कार्ड छापावं लागलं. कार्डावर कॉर्पोरेट गव्हर्नन्स, ईएसजी, उत्तरदायी व्यवसाय आणि खाली ‘विचारवंत’ असं आहे. एवढं बसवताना फोन नंबर मागच्या बाजूला गेला.

घरातल्या तारखा काकांना समित्यांवरून आठवतात. थोरली मुलगी राहुल बजाज यांच्या गटाने उद्योगांसाठी आचारसंहिता काढली त्या वर्षीची, म्हणजे १९९८ची. धाकटा २०००चा, कुमार मंगलम बिर्ला समितीमुळे लिस्टिंग करारात कलम ४९ आलं तेव्हाचा. सासरे गेले ते नारायण मूर्ती समितीच्या साली, २००३ला. उदय कोटक समितीच्या साली, २०१७ला, काकांची अँजिओप्लास्टी झाली. “बऱ्याचशा शिफारशी मान्य झाल्या,” असं ते त्या वर्षाबद्दल सांगतात. कोटकांच्या की डॉक्टरांच्या, हे विचारायचं धाडस आजवर कोणाला झालेलं नाही. दूध नासलं तरी काकूंना ऐकून घ्यावं लागतं की हे डिस्क्लोजर कालच यायला हवं होतं.

काकांच्या लेखाचा साचा ठरलेला आहे. पहिल्या परिच्छेदात कौटिल्य, दुसऱ्यात गांधीजींचा विश्वस्त सिद्धांत, तिसऱ्यात जमशेटजी टाटा, चौथ्यात सत्यम, आणि शेवटी पारदर्शकता ही काळाची गरज. मधला मसाला तेवढा हंगामाप्रमाणे बदलतो. २०१४ साली मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करणं कायद्याने लागू झालं, तेव्हा चार वर्षं सीएसआर चाललं. मग सेबीने पहिल्या हजार लिस्टेड कंपन्यांकडून जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल मागितला, तेव्हापासून बीआरएसआर चाललंय. काकूंना हा क्रम तोंडपाठ आहे. स्वयंपाकघरातून त्या विचारतात, “कौटिल्य संपला का? मग गांधीजी यायच्या आत जेवून घ्या.”

सत्यमवर काकांचा विशेष जीव. सप्टेंबर २००८मध्ये त्या कंपनीला उत्तम कारभारासाठी गोल्डन पीकॉक नावाचा जागतिक पुरस्कार मिळाला. संचालक मंडळावर हार्वर्डचे प्राध्यापक होते. ७ जानेवारी २००९ला अध्यक्षांनी स्वतःच पत्र लिहून कळवलं की हिशेब खोटे आहेत, आणि आकडा निघाला ७ हजार कोटींच्या वर. पुरस्कार परत घेतला गेला. तेव्हापासून दर ७ जानेवारीला काका कुठे ना कुठे व्याख्यान देतात आणि हे आपण आधीच सांगितलं होतं असं सांगतात. कुठे सांगितलं होतं, असं एका पोराने विचारलं तेव्हा काका म्हणाले, “त्या काळच्या माझ्या एकूण भूमिकेत ते होतं.”

काकांचं एक स्वप्न आहे: स्वतंत्र संचालक व्हायचं. सरकारी डेटाबँकेत त्यांनी नाव नोंदवलंय, ऑनलाइन परीक्षा पास झालेत. एका बैठकीला एक लाख रुपयांपर्यंत सिटिंग फी देता येते, हेही त्यांनी सहज म्हणून सगळ्यांना सांगून ठेवलंय. पण फोन येत नाही. सरकारी तेल कंपन्यांत पुरेसे स्वतंत्र संचालक नाहीत म्हणून शेअर बाजारांनी त्यांना दंड ठोकला, आणि नेमणुका सरकारच्या हाती आहेत, आम्ही काय करणार, असं त्या कंपन्यांनी उत्तर दिलं. ही बातमी काकांनी कापून ठेवली आहे. जागा रिकामी, उमेदवार रिकामा, आणि तरी योग जुळत नाही! २०२०मध्ये माझगाव डॉक शेअर बाजारात आली, तीही घरापासून दहा मिनिटांवर. तेव्हापासून काकांचा संध्याकाळचा फेरफटका बाप्टिस्टा बागेऐवजी डॉकच्या गेटवरून जातो. गेटपाशी ते चाल जरा मंद करतात.

काकांचं ज्ञान पोकळ आहे असं मात्र कोणी समजू नये. सात वर्षं न उचललेला लाभांश सरकारच्या आयईपीएफ निधीत जातो आणि पुढे शेअरही त्याच वाटेने जातात. आमच्याकडच्या एका विधवा बाईंचे नवऱ्याच्या नावचे शेअर असेच गेले होते. काकांनी फॉर्म भरला, वारसाचे कागद जमवले, कंपनीच्या रजिस्ट्रारला पत्रांवर पत्रं धाडून हैराण केलं आणि शेअर परत आणून दिले. बाईंनी पैसे देऊ केले तर घेतले नाहीत, शंकरपाळे घेतले. वार्षिक अहवालातली बारीक टीप काका अशी हुडकतात की भाऊच्या धक्क्यावरच्या मांजरालाही मासळी इतकी चटकन सापडत नसेल. फक्त अहवाल दुसऱ्याचा हवा.

कारण काका आमच्या सोसायटीचे अध्यक्षही आहेत. स्वतंत्र संचालकाने पाच-पाच वर्षांच्या दोन मुदतींनंतर तीन वर्षं बाहेर बसावं, हा नियम काकांनी आम्हाला समजावून दिला, तोही अध्यक्षपदाच्या बाराव्या वर्षी. गेल्या साली त्यांनी सोसायटीचा उत्तरदायित्व अहवाल काढला. केंद्र सरकारच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांतली नऊ तत्त्वं, प्रत्येकाला एक प्रकरण, रंगीत छपाई. ओल्या-सुक्या कचऱ्याचा आलेख होता, सफाई कामगाराचा फोटो होता, कबुतरांचा उल्लेख ‘अन्य हितसंबंधी’ असा होता. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा खर्च तेवढा नव्हता. अहवालाच्या छपाईचा खर्च दुरुस्ती निधीतून झाला होता, तोही नव्हता.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची म्हणून ती २९ला झाली. काकांनी पाऊण तास कौटिल्यापासून सुरुवात केली. मग सगळ्यात वरच्या मजल्यावरचे नाना उठले. नाना डॉकमधले निवृत्त वेल्डर. शाल्की ही भारतात बांधलेली पहिली पाणबुडी १९९२ साली नौदलात गेली, तिच्या सांध्यांत नानांचा हात आहे.

“साहेब, एक विचारू?”

“विचारा ना नाना. प्रश्न हा तर सुशासनाचा आत्मा.”

“आम्ही सांधा मारायचो. मारला की त्याचा एक्स-रे काढायला दुसराच माणूस यायचा. ती फिल्म नेव्हीवाले बघायचे. नापास केला की सांधा तासा, परत मारा, मग वेल्डर कितीही जुना असो. तो एक्स-रेवाला माझा मेहुणा असता ना, तर पाणबुडी खाली गेली असती, वर आली नसती. आता गच्चीचं कंत्राट सेक्रेटरीसाहेबांच्या मेहुण्याला. काम बघायच्या समितीत सेक्रेटरीसाहेब, मेहुणे आणि तुम्ही. माझ्या घरात पाऊस पडतोय. गच्चीचा एक्स-रे कोणी काढला?”

सभेत शांतता पसरली. संबंधितांशी होणारे व्यवहार या विषयावर काकांनी नऊ लेख लिहिले आहेत. ते सगळे त्यांच्या चेहऱ्यावरून सरकून गेल्यासारखे वाटले.

“नाना, प्रश्न फार मूलगामी आहे,” काका म्हणाले. “अजेंड्यावर नाही, म्हणून आपण तो ऑफलाइन घेऊ.”

तेवढ्यात सामोसे आले. आमच्याकडे सामोसे आल्यावर प्रश्न विचारायची पद्धत नाही. हिशेब एकमताने मंजूर झाले. नाना तेवढे हात खाली ठेवून बसले होते, पण त्यांच्या हातात बशी होती, त्यामुळे ते तटस्थ धरले गेले.

दिवाळीच्या सुमारास एका विशेषांकात काकांचा लेख आला: ‘सुशासनाचा एक्स-रे’. या खेपेला कौटिल्य चक्क दुसऱ्या परिच्छेदात ढकलला होता. सुरुवातच अशी होती की, जहाजबांधणी क्षेत्रातले एक ज्येष्ठ आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ मला एकदा म्हणाले. पुढे सांधा, फिल्म, मेहुणा, पाणबुडी, सगळं बिनचूक. गच्ची तेवढी गळाली होती. लेख गाजला. दोन परिसंवादांची आमंत्रणं आली, त्यातलं एक मानधनासकट.

काकांनी एक प्रत सही करून नानांना दिली. नानांनी भिंग लावून शेवटपर्यंत वाचली आणि दुसऱ्या दिवशी काकांना लिफ्टमध्ये गाठलं.

“साहेब, लेख झकास. तो आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ म्हणजे मीच ना?”

“अर्थात, नाना.”

“मग माझी सिटिंग फी?”

काका हसायला लागले.

“लाख रुपये नकोत,” नाना म्हणाले. “गच्चीचं बिल दाखवा, फी पोचली. सल्ला देणाऱ्याला पैसे सगळेच देतात साहेब, हिशेब कोण देत नाही.”

काकांनी खिशातून डायरी काढली आणि तेही वाक्य लिहून घेतलं.