कोरी करकरीत जुनी गिटार : धारण, जतन व वहिवाट यांविषयी इच्छुकांस मार्गदर्शन

ज्या गिटारीचे लाकूड गेल्या वर्षी कापले गेले, जिचा रंग गेल्या महिन्यात वाळला, आणि तरीही जिच्या अंगावर साठ-सत्तर वर्षांच्या मैफलींचे ओरखडे, पिवळट पडलेली झिलई आणि गंजलेले स्क्रू कारखान्यातच यथासांग उमटवून दिले जातात, त्या विद्युत्-गिटारीस प्रस्तुत मार्गदर्शनात ‘जुनी गिटार’ असे संबोधिले आहे. खरोखरीची जुनी, म्हणजे १९५० ते १९६५ या अवधीत कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे किंवा मिशिगनमधील कॅलामझू येथे जन्मलेली गिटार हस्तगत करण्याचे वारसा, लिलाव आणि चोरी असे तीनच मार्ग उरले असून, पहिला दैवाधीन, दुसरा द्रव्याधीन आणि तिसरा फौजदारीपात्र असल्याकारणाने त्यांचा विचार येथे केलेला नाही. तारुण्यात फुरसत होती तेव्हा ऐपत नव्हती, आणि आता ऐपत आहे तर फुरसत नाही, अशा सुस्थित सद्गृहस्थांच्या सोयीसाठी पुढील कलमे रचिली आहेत.

कलम १ : आद्यपुरुषाच्या चरित्राविषयी

संप्रदाय म्हटला की आद्यपुरुष आलाच. या संप्रदायाचे आद्यपुरुष लिओ फेंडर (१९०९–१९९१) हे फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ असून त्यांना स्वतःला गिटार वाजविता येत नसे, ही बाब नवसाधकास मोठीच दिलासा देणारी आहे. त्यांनी गिटारीची मान धडाला सरसाने चिकटविली नाही, चार स्क्रूंनी आवळली, ती एवढ्याचसाठी की झिजली वा वाकली तर ती काढून टाकून दुसरी बसविता यावी. १९५४ मध्ये त्यांनी स्ट्रॅटोकास्टर ही गिटार बाजारात आणली. १९६५ मध्ये आपला कारखाना १ कोटी ३० लाख डॉलरांस सीबीएस या कंपनीच्या हवाली केला. आणि इतके होऊनही स्वस्थ न बसता, पुढे जी अँड एल या नव्या कारखान्यात ते अखेरपर्यंत आपल्याच जुन्या रचनेतील दोष काढीत राहिले, व हीच आपल्या हातची सर्वोत्तम वाद्ये होत असे जाहिरातींतून सांगून गेले. साधकाने या शेवटच्या प्रतिपादनाकडे सर्वस्वी कानाडोळा करावा. आद्यपुरुषास १९५४ साली जे सुचले ते ज्ञान, आणि त्यानंतर अखेरपर्यंत जे जे सुचत गेले तो बुद्धिभ्रंश, अशी स्वच्छ विभागणी केल्याखेरीज कोणताही संप्रदाय सुरळीत चालत नाही.

कलम २ : उणिवांची मोजदाद व त्यांचे जतन

वाद्य ताब्यात येताच दोन पंचांसमक्ष पेटी उघडून पुढील उणिवा जागच्या जागी आहेत किंवा कसे याची रुजुवात घालावी. त्यांपैकी एखादी गहाळ आढळल्यास विक्रेत्याकडे लेखी तक्रार करण्यास हरकत नाही.

(अ) पडद्यांच्या पट्टीचा बाक ७.२५ इंच त्रिज्येचा असावा. हा बाक कॉर्ड धरणाऱ्या बोटांस मोठा सुखाचा. परंतु वरच्या पडद्यांवर तार ओढून मींड घेऊ जाता ती पुढच्या पडद्यास टेकते आणि ऐन भरात स्वर गतप्राण होतो. १९५४ साली तारा जाड असत, तिसऱ्या तारेवरही वेढा असे, आणि तार इतकी दूरवर ओढण्याचे फारसे कोणाच्या मनातही येत नसे; सबब ही उणीव त्या काळी उणीवच नव्हती. आज ती आहे, आणि म्हणूनच तिला मोल आहे.

(आ) तारांचे कंपन टिपणाऱ्या पिकअपमधील लोहचुंबकांची उंची कमीजास्त असावी. त्या वेढ्याच्या तिसऱ्या तारेचा आवाज क्षीण पडे, म्हणून तिच्याखालील चुंबक उंच ठेविले होते. आज तीच तार बिनवेढ्याची आणि मुळातच खणखणीत झाली असताही चुंबक पूर्ववत उंचच आहे. परिणामी ही एक तार इतर पाच तारांच्या बोलण्यात वारंवार तोंड घालते. तिला तसे करू द्यावे.

(इ) मानेच्या पोटात ट्रस रॉड नावाची पोलादी सळई असते, आणि तारांच्या ताणाने मान पुढे झुकू लागली की ती सळई पिळून मान सरळ करावयाची असते. आधुनिक गिटारीत या सळईचे तोंड शेंड्याकडे उघडे असल्याने हे काम उभ्या उभ्या होते. जुन्या पद्धतीत तेच तोंड मान आणि धड यांच्या सांध्यात दडलेले असल्याने तारा सैल कराव्यात, चारही स्क्रू काढावेत, मान धडावेगळी करावी, पाव फेरा पिळावा, सर्व जुळणी पुनश्च करावी, तारा सुरात लावाव्यात, आणि तो पाव फेरा कमी पडला असे निष्पन्न झाल्यावर प्रथमपासून आरंभ करावा. रविवार घालविण्याचा इतका निरुपद्रवी मार्ग दुसरा नाही.

(ई) स्ट्रॅटोकास्टरीवर पिकअप तीन, म्हणून निवडीची कळ तीन घरांची. पुढे वादकांस असा शोध लागला की ही कळ दोन घरांच्या मध्येच अडकवून धरली तर दोन पिकअप एकदम बोलतात आणि एक लाघवी, किंचित अनुनासिक ध्वनी उमटतो; तेव्हा कारखान्याने १९७७ मध्ये रीतसर पाच घरांची कळ देण्यास सुरुवात केली. १९८२ पासून निघालेल्या प्रतिकृतींमध्ये मात्र गिटारीवर तीन घरांची कळ बसविलेली आणि पाच घरांची कळ पेटीत स्वतंत्रपणे ठेविलेली, अशी व्यवस्था आढळे. अडचण अंगावर आणि उपाय बासनात, ही तजवीज धारकाने कदापि बिघडवू नये.

(उ) टेलिकास्टर ही फेंडर यांचीच दुसरी गिटार घेणाऱ्यास सहा तारांमागे तीनच पितळी घोड्या मिळतील. एका घोडीवर दोन तारा, त्यामुळे एक सुरात आणली की जोडीदारीण वरच्या पडद्यांवर थोडी ढळते. दोघींत तडजोड घडवून आणावी. दोघींस संतुष्ट करण्याचा हव्यास धरू नये.

कलम ३ : गुणगुण व तिचे शासकीय निवारण

एका वेटोळ्याचा पिकअप तारांचे कंपन जसे टिपतो तसाच घरातील विजेचा प्रवाहही टिपतो, आणि ध्वनिवर्धकातून एक अखंड गुणगुण ऐकू येते. आपल्याकडील प्रवाहाची आवर्तने सेकंदास ५० आणि अमेरिकेतील ६०, त्यामुळे आपल्या गुणगुणीस षड्ज मानिल्यास अमेरिकेची गुणगुण नेमकी कोमल गंधारावर पडते. अस्सलतेचा आग्रह धरणाऱ्या साधकास हा भेद असह्य वाटणे स्वाभाविक आहे. त्याने वीज मंडळाकडे अर्ज करण्यापेक्षा खोलीत स्वतःभोवती हळूहळू फिरून पाहावे, कारण एका विशिष्ट दिशेस तोंड केले असता गुणगुण पुष्कळच मंदावते. ती दिशा बहुधा भिंतीची असते.

ज्यांस हे सोसवत नाही त्यांनी गिब्सनच्या लेस पॉल गिटारीचा मार्ग धरावा. त्या कारखान्यातील सेथ लव्हर यांनी उलट वेढ्यांची व उलट चुंबकांची दोन वेटोळी शेजारी शेजारी ठेवून गुणगुणीस गुणगुणीकडूनच गारद केले, १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज दाखल केला, आणि १९५७ पासून हे पिकअप गिटारींवर बसू लागले. त्यांच्या बुडाशी ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा मजकुराची लहानशी पट्टी चिकटविलेली असे. अर्ज १९५९ मध्ये मंजूर झाला. पट्टी मात्र त्यानंतरही काही वर्षे तशीच लागत राहिली. आणि अखेर क्रमांक छापण्याची वेळ आली तेव्हा जो छापला गेला तो या शोधाचा नव्हेच, तर ज्यांच्या नावाची ती गिटार त्या लेस पॉल यांच्या तारा अडकविण्याच्या पट्टीच्या पेटंटाचा होता. कोणत्याही दफ्तरात आयुष्य काढलेल्या इसमाचा ऊर ज्याने भरून यावा, असा हा व्यवहार होय. आज त्या अर्जाचा निकाल लागून साठांहून अधिक वर्षे लोटली असता नव्या प्रतिकृतींच्या बुडाशी ‘अर्ज केला आहे’ हीच पट्टी भक्तिभावाने लाविली जाते. ती दिसण्यासाठी पिकअप उचकटावा लागतो. रात्री सामसूम झाल्यावर उचकटून पाहावा, आणि खातरजमा होताच पुन्हा बसवावा.

कलम ४ : जीर्णता व तिचे दर

खरोखरीच्या जुन्या गिटारींवर मोटारगाड्यांसाठी निघालेला नायट्रोसेल्युलोजचा रोगण असे, जो काळाच्या ओघात पिवळा पडतो, थंडी-उष्म्याने बारीक तडकतो, आणि गिटार टेकण्याच्या घोड्यावरील रबराशी संग झाला तर वितळून त्यास चिकटतो. पुढे कारखान्यांनी अधिक टणक रोगण आणून या व्याधी निवारिल्या. धारकाने अर्थातच व्याधीयुक्त रोगणाचाच आग्रह धरावा.

निव्वळ रोगणावर ज्यांचे समाधान होत नाही त्यांच्यासाठी फेंडरच्या खास कार्यशाळेने १९९५ पासून तयार जीर्णता विक्रीस आणिली. कोऱ्या गिटारीचा रंग खरवडून, धातूस गंज आणून आणि मान जणू हजार रात्री हाताळल्यागत काळवंडवून देण्यात येते. आणि झीज जितकी अधिक तितका दर बहुधा चढा असतो. वस्तू जसजशी खराब तसतशी महाग, हा अर्थशास्त्राचा सिद्धांत घरातील मंडळींस समजावून देण्याची जबाबदारी ज्याची त्याने घ्यावयाची आहे.

या शाखेचे महाक्षेत्र आयर्लंडात आहे. कॉर्क शहरी १९६३ मध्ये रोरी गॅलघर नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाने १९६१ सालची एक वापरलेली स्ट्रॅटोकास्टर सुमारे १०० पौंडांस उधारीवर घेतली, आणि पुढली तीन दशके ती इतकी वाजविली की घामाने व घर्षणाने रंग बव्हंशी नाहीसा होऊन आत उघडे लाकूड तेवढे राहिले. या गिटारीची प्रतिकृती कारखाना करतो. तीत गॅलघर यांच्या हाताने जेथे जेथे रंग गेला तेथे तेथे तो कामगारांच्या हाताने घालविलेला असतो, इतकेच नव्हे तर मूळ वाद्यावर गरजेपोटी बसलेली निराळ्या जातीची एक खुंटीही मुद्दाम निराळीच बसविलेली असते. धारकास घाम येण्याचे कोणतेही कारण शिल्लक ठेविलेले नाही.

कलम ५ : काष्ठ व पर्जन्य

साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत पडद्यांच्या पट्टीसाठी ब्राझीलचा शिसव वापरीत. पुढे तो दुर्मीळ होऊन त्याच्या जागी हिंदुस्थानी शिसव रुजू झाला, आणि १९९२ पासून तर ब्राझीलच्या शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आले. आता हा हिंदुस्थानी शिसव म्हणजे आपल्या सह्याद्रीतही वाढणारा, आजोबांच्या पलंगाचा आणि देवघरातील चौरंगाचा तोच शिसव होय. तथापि ब्राझीलचा नाही म्हणून साधकाने उसासा टाकण्याची वहिवाट आहे. उसासा टाकावा, मात्र पलंगावर बसून टाकू नये.

कोकणपट्टीत व मुंबईत राहणाऱ्यांनी मृगापासून हस्तापर्यंत विशेष दक्षता बाळगावी. या काळात लाकूड हवेतील ओल पिऊन मान हलते, आणि खारट दमट हवेने तारा आठवड्याभरात काळवंडून खरखरीत होतात. मानेसाठी कलम २ (इ) पाहावे. तारांचा गंज मात्र अस्सल असल्याने व त्यासाठी वेगळा आकार पडत नसल्याने, समुद्रकिनारी राहणाऱ्यांस हा निसर्गाकडून मिळालेला इनाम समजावा.

कलम ६ : ध्वनिवर्धक व शेजारधर्म

ध्वनिवर्धक व्हॉल्व्हचाच असावा. अमेरिकेहून आणविला असल्यास तो १२० व्होल्टांचा असतो. आपल्या २३० व्होल्टांस थेट जोडल्यास जो धूर निघेल तो कोणत्याही कालखंडाशी सुसंगत नसल्याने मध्ये ट्रान्सफॉर्मर अवश्य ठेवावा. ज्या भरदार, किंचित फाटलेल्या स्वरासाठी हा सर्व खटाटोप, तो व्हॉल्व्ह शक्तीबाहेर राबविल्याशिवाय उमटत नाही. आणि अवघ्या ५ वॅटांचा ध्वनिवर्धकही इतका राबविल्यास तीन मजल्यांना पुरून उरतो. सबब गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेपूर्वी व सभेनंतर एक-एक महिना आवाज एकवर ठेवावा, आणि या अवधीत नव्या गिटारीत व जुन्या गिटारीत फरक का जाणवत नाही याविषयी चिंतन करावे.

कलम ७ : वादन (ऐच्छिक)

हे कलम ऐच्छिक ठेवण्यास सबळ कारण आहे. ज्यांच्या वादनामुळे या गिटारींना ही प्रतिष्ठा लाभली, त्यांची वर्तणूक प्रस्तुत नियमांच्या कसोटीस उतरत नाही. एरिक क्लॅप्टन यांनी १९७० मध्ये नॅशव्हिल येथे जुन्या स्ट्रॅटोकास्टर अल्प किमतीत घेतल्या, त्यांतील तिघींचे उत्तम अवयव काढून एक गिटार जुळविली आणि तीच वर्षानुवर्षे वाजविली. ही सांधेजोड २००४ च्या लिलावात ९ लाख ५९ हजार ५०० डॉलरांस गेली. डेव्हिड गिलमोर यांनी आपल्या काळ्या स्ट्रॅटोकास्टरीची मान अनेकदा बदलली, पिकअप बदलले, जादा कळ बसविली, आणि २०१९ मध्ये तिला ३९ लाख ७५ हजार डॉलर आले. हाताला जे नडले ते त्यांनी काढून फेकले. मूळ तपशिलाविषयीची जी श्रद्धा आपण एवढे द्रव्य खर्चून संपादन करतो, ती या मंडळींपाशी नावालाही नव्हती. लिओ फेंडर यांच्यापाशीही नव्हती.

यावरून वादनातील धोका स्पष्ट व्हावा. जो इसम नित्य दोन-दोन तास वाजवू लागतो त्याला बाक नडतो, कळ नडते, गुणगुण नडते. तो पेटीतील पाच घरांची कळ काढून बसवितो, चुंबक खाली ठोकतो, मान बदलतो, आणि बघता बघता कलम २ मधील एकही उणीव शिल्लक राहत नाही. त्याहून शोचनीय प्रकार असा की, त्याच्या कोपराखाली रंगाची नवी झीज पडू लागते, आणि ती कारखान्याने आखून दिलेल्या झिजेच्या जागी पडत नाही. कारखान्याने झिजविले ते दुसऱ्याच्या हाताच्या मापाने. याचा हात याच्या मापाचा. अशी दुहेरी झीज झालेल्या गिटारीस संप्रदायात स्थान नाही, आणि तिच्या धारकासही हे मार्गदर्शन पुढे लागू नाही. त्याने खुशाल वाजवीत बसावे.

कलम ८ : हस्तांतरण

उर्वरित धारकांनी, म्हणजे ज्यांनी वरील सर्व अटी निष्ठेने पाळून वाद्य पेटीत सुरक्षित ठेविले आहे त्यांनी, यथावकाश पुढील नमुन्यात जाहिरात द्यावी, म्हणजे समधर्मी गिऱ्हाईक मिळण्यास विलंब लागत नाही :

‘विकणे आहे. १९६२ सालच्या धर्तीची स्ट्रॅटोकास्टर. रंग ठिकठिकाणी उडालेला, धातुकाम पूर्ण गंजलेले, मान हाताळून काळवंडलेली. वापर नाही. स्थिती नव्यासारखी.’