निसर्गवेडी, भटक्या आणि मी

आमच्या नारायणगावात चाहता म्हणजे काय, हे कुणाला शिकवावं लागत नाही. विठाबाईंचं गाव, तमाशापंढरी. यात्रांचा हंगाम जवळ आला की फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येऊन सुपारी ठरवतात आणि यंदा कुठला फड जोरात, यावर चहाच्या टपऱ्यांवर भांडणं होतात. तिथे फेटा उडवणारा स्वतःचाच फेटा उडवतो आणि दौलतजादा करणारा स्वतःच्याच खिशातली नोट काढतो. आमच्याकडे बैलांनाही चाहते आहेत. २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली, तेव्हापासून घाटात पळणाऱ्या बैलांचे रील निघतात, वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात. त्यातलं प्रेम अस्सल असतं; बैल कुणाला कमिशन देत नाही.

अशा गावात राहून, जन्मभर हायस्कुलात मराठी शिकवून मी भाडोत्री चाहता झालो.

२०१८ मध्ये सरकारने जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला आणि शिवनेरी, लेण्याद्री, ओझरच्या वाटेवर ज्याच्या त्याच्या शेतात झोपाळे लागले. माझा भाचा आंबेगाव तालुक्यातला. त्याला वाटलं आपण का मागे राहायचं. घोडेगावच्या पुढे, डिंभे धरणाच्या बाजूला, भीमाशंकरच्या रस्त्यावर त्याने कृषी पर्यटन केंद्र काढलं. बैलगाडीची फेरी, हुरडा, चुलीवरची मासवडी. मोबाइलला रेंज नाही, हेसुद्धा त्याने पाटीवर आकर्षण म्हणून लिहिलं होतं. गिऱ्हाईक मात्र सरळ भीमाशंकरला जाई आणि परतताना मंचरला जेवे.

मग त्याने कुणाकडून तरी ‘पॅकेज’ घेतलं. इतक्या पैशांत इतके खूश ग्राहक. बघता बघता नकाशावर त्याच्या केंद्राच्या नावापुढे पाच-पाच तारे चमकायला लागले. एकाने लिहिलं होतं, ‘मासवडीतले मासे एकदम ताजे.’ दुसऱ्याने, ‘काटे काढून देतात, लहान मुलांसाठी सोयीचं.’ तिसऱ्याला डिंभ्याचा समुद्रकिनारा आवडला होता.

आता मासवडी काय असते, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. बेसन घट्ट शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं. त्यावर भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, कांदा, लसूण, कोथिंबीर यांचं सारण पसरायचं. फडक्यासकट गुंडाळून माशाचा आकार द्यायचा, वड्या पाडायच्या आणि झणझणीत काळ्या रश्श्यात बुडवून बाजरीच्या भाकरीबरोबर हाणायच्या. माळकऱ्यांच्या घरीही होते. अशाच एका माळकऱ्याने भाच्याला फोन करून विचारलं, “काय रे, तू मासे कधीपासून घालायला लागलास?”

भाचा तडक माझ्याकडे आला. “मामा, हे बाहेरच्यांचं काम नाही. तुमच्यासारखी भाषा पाहिजे.”

निवृत्त मराठी शिक्षकाला ‘तुमच्यासारखी भाषा’ म्हटल्यावर तो काय करणार? दिवाळी अंकांकडे पाठवलेल्या माझ्या कविता पूर्वी साभार परत तरी येत. हल्ली तेवढेही कष्ट कुणी घेत नव्हतं. भाच्याने खाती उघडून दिली, त्यांत जीव मी घातला. ‘भटक्या’ हा तरुण गिर्यारोहक, भीमाशंकरच्या जंगलातून उपाशीपोटी उतरलेला. ‘खवय्ये आजोबा’ यांना दात नव्हते, तरी भाकरी आवडली. आणि ‘निसर्गवेडी’, कोथरूडची गृहिणी, माझी सर्वांत लाडकी. डिंभ्याच्या जलाशयावर उतरणारी संध्याकाळ पाहून तिला आईच्या पदराची आठवण झाली. ती आठवण तिने चांगली ऐसपैस मांडली. मी स्वतः तोवर तिथे जेवलेलो नव्हतो. उद्घाटनाचा पेढा खाल्ला होता.

निसर्गवेडीला लाल बदाम भराभर मिळू लागले. माझ्या नावाने टाकलेल्या हडसर किल्ल्याच्या लेखाला मोजके अंगठे मिळाले होते, त्यांतला एक भाच्याचा. मला तिचा हेवा वाटायला लागला. आमच्याच शाळेतले एक निवृत्त सर, जे रस्त्यात मला ओळख देत नाहीत, ते तिला रोज सकाळी गुलाबासह ‘सुप्रभात’ पाठवू लागले. मी उत्तर देत असे, सभ्यपणा म्हणून.

हा धंदा माझ्या फार आधीचा आहे, एवढंच माझं समाधान. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या नाट्यगृहांत टाळ्या वाजवणारी माणसं भाड्याने मिळत. हसणारे वेगळे, रडणारे वेगळे, ‘पुन्हा एकदा’ ओरडणारे वेगळे. २००१ मध्ये उघडकीला आलं की सोनीच्या कोलंबिया पिक्चर्सच्या जाहिरातींत ज्याची स्तुती छापून येई, तो डेव्हिड मॅनिंग नावाचा समीक्षक जन्मालाच आलेला नव्हता. कनेक्टिकटमधल्या एका छोट्या गावच्या वर्तमानपत्राचं नाव त्याला चिकटवलं होतं आणि वर्तमानपत्राला त्याचा पत्ता नव्हता. मग हेही कळलं की ‘द पॅट्रियट’च्या टीव्हीवरच्या जाहिरातीत सिनेमा पाहून भारावलेले प्रेक्षक कंपनीच्याच पगारावर होते. २००५ मध्ये मॅनिंगचं प्रकरण पंधरा लाख डॉलरवर मिटलं. तिकीट काढून फसलेल्याला पाच डॉलर परत. पण त्यांना एकटा मॅनिंग सांभाळायचा होता. माझ्याकडे अख्खं कुटुंब होतं, आणि निसर्गवेडीचा पत्रव्यवहार वेगळा.

एका संध्याकाळी बायको मोबाइल घेऊन आली. “अहो, हे वाचा. कोथरूडच्या बाईंनी आपल्या बाळाच्या हॉटेलाबद्दल किती छान लिहिलंय. परकी माणसं जाऊन येतात आणि आपण सख्खे मामा-मामी घरात बसलोय.” स्वतःच्याच गद्याविरुद्ध बोलायला मला तोंड नव्हतं. रविवारी निघालो; बरोबर मेहुणी, साडू आणि त्यांची मुलं.

वडी रश्श्यात टाकल्याबरोबर उलगडली. तीळ करपलेले, खोबरं कच्चं. रस्सा गोडसर; पुण्याच्या लोकांना असाच लागतो, असं भाचा म्हणाला. माझी बायको ओतूरची. ती काही बोलली नाही, फक्त ताट बाजूला सरकवलं. समोर जलाशयावर संध्याकाळ उतरत होती. मला आईच्या पदराची अजिबात आठवण झाली नाही. बिल द्यायला गेलो, तर “राहू द्या की मामा” म्हणताना भाच्याचा हात पुढेच होता.

रात्री बायकोने स्वतःच्या नावाने एक तारा देऊन लिहिलं, ‘वडी सुटते. रश्श्याला चव नाही. स्वयंपाक्याला ओतूरला पाठवा.’ लगेच भाच्याचा फोन. “मामा, मामींना आवरा. नाहीतर निसर्गवेडीला बोलू द्या.” पहिलं माझ्या हातात कधीच नव्हतं, म्हणून मी दुसरं केलं. निसर्गवेडी म्हणाली, ‘ताई, प्रत्येकाची रुची निराळी; सारण तुपात खमंग तळलं की जो दरवळ सुटतो, तो अनुभवावा लागतो; टीका करणं सोपं असतं.’

पलीकडच्या खोलीतून उत्तर आलं, ‘मासवडीचं सारण तळत नाहीत, भाजतात. तुम्ही नक्की बाई आहात ना?’

पाठोपाठ उत्तर लिहिणारीच दारात उभी राहिली. “भटक्याला अर्धविराम, आजोबांना अर्धविराम, हिला तर श्वासागणिक अर्धविराम. अख्ख्या तालुक्यात हल्ली अर्धविराम देणारा माणूस एकच उरलाय.” मग तिने माझा मोबाइल घेतला, सगळे गुलाब पाहिले आणि इतकी हसली की शेजारीण विचारायला आली.

मुलीने पुण्याहून कायदा वाचून दाखवला. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा. त्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये फसव्या जाहिरातींविषयी नियमावली काढली. दंड पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत, पुन्हा सापडलात तर पन्नास. भाच्याने पाणी मागितलं. जानेवारी २०२३ च्या पुस्तिकेत आणखी खुलासा आहे. शिफारस करणाऱ्याचा विकणाऱ्याशी काही संबंध असेल, तर तो साध्या भाषेत, ठळक सांगायचा. आणि संबंध म्हणजे पैसे, भेटवस्तू, फुकटचा मुक्काम एवढंच नव्हे, कौटुंबिक नातंसुद्धा. हे लिहिणाऱ्यांनी जुन्नर-आंबेगाव पाहिलेलं दिसत नाही. मंचरच्या बाजारात बटाटे घ्यायला थांबलं, तरी विकणारा चुलत साडू निघतो. कौतुकासाठी बिननात्याचा माणूस हवा असेल तर शिरूर ओलांडावं लागेल, आणि तिकडेही आमची एक बहीण दिलेली आहे.

खाती बंद केली. ते सर हल्ली सकाळी फिरायला येतात, पण त्यांचं लक्ष नसतं.

तर आता नियमाप्रमाणे जाहीर करतो. केंद्र माझ्या सख्ख्या भाच्याचं आहे, म्हणून नाव सांगत नाही. वड्या आता सुटत नाहीत, कारण स्वयंपाकी खरोखरच ओतूरला राहून आला. रश्श्याचा मसाला आमच्या घरून जातो आणि त्याचे पैसे अजून यायचे आहेत. भीमाशंकरला जाताना मासवडी दिसेल तिथे थांबा, पोटभर जेवा आणि नाही आवडली तर तसं बेधडक लिहा. उत्तर माझी बायको देईल, स्वतःच्या नावाने.