मुक्त पक्षी आणि बांधलेले कुटुंब

मोकळ्यावर पाळलेला, म्हणजे पिंजऱ्यात न कोंडता दिवसभर रानात चरू दिलेला पक्षी म्हटला की अमेरिकेतील शेतकऱ्याला टर्की आठवते. शहापूर-मुरबाड भागात हा मान गावठी कोंबडीचा आहे. टर्कीही या देशात नवखी नाही. १६१२च्या सुमारास मुकर्रब खानाने गोव्याहून आणलेला हा पक्षी पाहून जहांगीर बादशहा चकित झाला होता आणि मन्सूर या चित्रकाराने रंगवलेले त्याचे चित्र आजही प्रसिद्ध आहे. गावठी कोंबडीच्या वाट्याला असा सन्मान आला नाही, कारण चित्र पूर्ण होईपर्यंत ती एका जागी थांबणे संभवत नाही.

फाल्गुन-चैत्रात खाचरे रिकामी असतात आणि राब, म्हणजे भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा व शेण पसरून भाजलेली जमीन, तयार झालेला असतो. त्या राखेत कोंबडी पंख फुलवून लोळते, त्यामुळे तिच्या अंगावरील उवा कमी होतात आणि शेतकऱ्याने कष्टाने केलेली राख बांधापलीकडे जाते.

याच सुमारास ती खुडूक होते, म्हणजे अंडी घालणे थांबवून ती उबवण्याच्या हट्टाला पेटते. त्याआधीची अंडी तिने पुष्कळदा शेजाऱ्याच्या उडवीत, म्हणजे रचलेल्या पेंढ्यात, घातलेली असतात. ज्याची कोंबडी त्याची अंडी, असे एक मत आहे. ज्याची उडवी त्याची अंडी, या दुसऱ्या मताचे पुरस्कर्ते बहुधा शेजारीच असतात. वाद मिटून कोंबडी अंड्यांवर बसली की २१ दिवसांनी पिल्ले निघतात (टर्कीला २८ दिवस लागतात), आणि वर घार व कुंपणात मुंगूस हजर होत असल्याने आजी काठी घेऊन व नातवंडे आरडाओरडा करीत त्या मुक्त पक्ष्यांमागे दिवसभर फिरतात.

मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, टाळण्यासाठी लस उपलब्ध आहे. मात्र ती देण्यापूर्वी कोंबडी पकडावी लागते आणि पशुवैद्यकशास्त्राचे प्रकरण त्यानंतर सुरू होते. शिवाय फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोलीत बर्ड फ्लू आढळला, तेव्हा परिसरातील हजारो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या.

तात्पर्य, या पद्धतीत संचार पक्ष्याचा मुक्त असतो आणि पहारा कुटुंबाचा सक्तीचा. म्हणून मुंबई-नाशिक महामार्गावर गाडी थांबवून गावठी अंड्यांसाठी घासाघीस करणाऱ्या ग्राहकाने घारीचा वाटा, शेजाऱ्याचा वाटा आणि आजीची मजुरी त्या भावात धरलेली नाही, हे लक्षात घ्यावे व सांगितलेले पैसे मुकाट्याने द्यावेत.