फॉरमॅट? आधी हात आवरा!

फोटोग्राफरने लग्नाचे फोटो एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घालून दिले. त्याच्याकडे मॅक, तुमच्या घरी विंडोजचा लॅपटॉप. केबल जोडली. नशीब असेल तर डिस्क नुसतीच दिसत नाही. नसेल तर चौकट उमटते : ही डिस्क वापरायची असेल तर आधी फॉरमॅट करा. करायची का?

खाली दोन बटणं. फॉरमॅट नाहीतर कॅन्सल. ‘फोटो जागेवर आहेत, मला ते वाचता येत नाहीत’ हे सांगायची सोय कुठेच नाही.

आणि खरं कारण तर तेवढंच आहे!

मॅकवर तयार केलेली डिस्क बहुधा २०१७ साली आलेल्या एपीएफएस या फाइल सिस्टिममध्ये, म्हणजे फाइली मांडून ठेवायच्या पद्धतीत, असते; जुनी असेल तर १९९८ च्या एचएफएस प्लसमध्ये. विंडोजला मुळात या दोन्ही वाचता येत नाहीत. डिस्क धडधाकट, फोटो शाबूत. अक्षर लागत नाही म्हणून कुणी पत्र फाडतं का?

विंडोज मात्र तेच सुचवतं. आणि घाबरलेला माणूस ‘हो’ म्हणून बसतो.

मॅकवाल्यांनीही कॉलर ताठ करू नये. विंडोजची एनटीएफएस १९९३ पासूनची. मॅक ती वाचतो, पण तिच्यावर लिहायची सोय अ‍ॅपलने अजूनही अंगभूत दिलेली नाही. फाइल बाहेर काढता येते, आत टाकता येत नाही. लोकांना वाटतं डिस्क लॉक झाली. लॉक कसलं? दोन बड्या कंपन्यांचं जमत नाही, आणि मधली दरी ओलांडायला तुम्ही वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायचं.

भांडण त्यांचं, भुर्दंड तुमचा.

लिनक्सवर तिसरीच तऱ्हा. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. ते चालू असेल तर शटडाउन केल्यावरही विंडोज पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपी जातं. तेव्हा जोडलेली एनटीएफएस डिस्क लिनक्सला लावली की ती अनेकदा नुसती वाचण्यापुरती उघडते. मग कुणीतरी छातीठोकपणे सल्ला देतो : सगळे हक्क देऊन टाक, सातशे सत्त्याहत्तर मार! जी डिस्क लिहूच देत नाही, तिच्यावर हक्क बदलणार कसे? उपाय साधा आहे. विंडोजमध्ये परत जा, फास्ट स्टार्टअप बंद करा, नीट शटडाउन करा, इजेक्ट करून डिस्क काढा.

पण साधा उपाय सांगून हुशारी कुठे दिसते?

आता ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’. लॅपटॉप मेला, त्याची डिस्क काढून केसिंगमध्ये घातली, नव्या लॅपटॉपला जोडली. फोल्डर तुमचा, आतले कागद तुमचे, तरी ‘परवानगी नाही’. याचं कारण असं, की एनटीएफएस मालकाची नोंद नावाने ठेवत नाही, खात्याच्या लांबलचक ओळखक्रमांकाने ठेवते. नव्या मशीनवर तेच नाव, तोच पासवर्ड ठेवा; क्रमांक वेगळा, म्हणून तुम्ही परके.

इथेही फॉरमॅटची गरज नाही. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून लॉगिन करा. त्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी, मग अ‍ॅडव्हान्स्ड, तिथे ओनर बदला. काम होतं. फक्त डिस्कवर बिटलॉकरचं एन्क्रिप्शन लागलेलं असेल तर मालकी बदलून भागत नाही, ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती अनेकदा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असते.

ती लॅपटॉप मरण्याआधी शोधायची की नंतर?

पेन ड्राइव्हचं रडगाणं वेगळं. पन्नास जीबी रिकामे, तरी सहा जीबीचा व्हिडिओ जात नाही. लोक दुकानदाराला नकली माल विकल्याबद्दल फैलावर घेतात. मालात खोट नसते. ड्राइव्ह फॅट ३२ मध्ये असतो आणि तिथे एक फाइल चार जीबीपर्यंतच मावते. ही मर्यादा गेल्या शतकातली आहे, व्हिडिओ या शतकातला.

मग सगळीकडे चालेल असं काही आहे का? आहे. एक्सफॅट. मायक्रोसॉफ्टने ती २००६ मध्ये आणली, मॅकने २०१० मध्ये स्वीकारली. २०१९ मध्ये तिचा तपशील खुला झाला आणि त्याच वर्षी ती लिनक्सच्या कर्नलमध्येही आली. फाइली इकडून तिकडे न्यायच्या असतील तर हीच निवडा. चार जीबीची अडचण नाही, मालकीची कटकट नाही.

पण मालकीची नोंद नाही म्हणजे राखणही नाही. ज्याच्या हाती डिस्क, त्याला सगळं खुलं. शिवाय लिहिणं अर्धवट असताना केबल उपटली, तर सावरून घेणारी नोंदवही एक्सफॅटकडे नसते. म्हणून इजेक्ट करा. आणि एकुलती एक प्रत एक्सफॅटवरच काय, कशावरच ठेवू नका.

आणि फॉरमॅटचं बटण दाबलं गेलंच तर? क्विक फॉरमॅट असेल तर यादी पुसली जाते, हार्ड डिस्कवरचा मजकूर बहुतेक जागेवरच असतो. त्या डिस्कवर एक अक्षरही नवं लिहू नका आणि जाणकाराकडे जा. एसएसडी असेल तर आशा बरीच कमी. क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केलं असेल, तर विंडोज व्हिस्टापासून सगळ्या डिस्कवर शून्यं लिहिली जातात. मग कुणाचंच काही चालत नाही.

एवढं सगळं सामान्य माणसाने का शिकायचं? आजच्या बहुतेक डिस्कवर कोणता विभाग कोणत्या प्रकारचा, याचा सांकेतिक क्रमांक सुरुवातीच्या तक्त्यातच असतो. एपीएफएसचा वेगळा, लिनक्सचा वेगळा. कॉम्प्युटर तो वाचू शकतो. मग ‘ही मॅकची डिस्क आहे, मॅकवर उघडा’ एवढं एक वाक्य दाखवायला काय जातं?

माहीत असून न सांगणं हा तांत्रिक दोष नाही, ग्राहकाबद्दलची बेपर्वाई आहे. ती सुधारेपर्यंत नियम एकच : डिस्क का उघडत नाही हे कळल्याशिवाय फॉरमॅटला ‘हो’ म्हणायचं नाही.